सूर्याचा छापखाना

पिंपळाचें पान पाण्यांत कुजवून त्याची जाळी केली नाहीं, आणि ती वहींत जपून ठेवली नाहीं, असा विद्यार्थी आपल्या शाळेंत क्वचितच सांपडेल. पानाचा मऊ हिरवा भाग निघून जातो, शिरांची नाजुक जाळी तेवढी उरते, व पुढें कधीं वही चाळतांना ती हातीं आली म्हणजे एखाद्या मागील वर्षाची आठवण होते. अशी एक जाळी घ्यावी, विशिष्ट रसायनानें माखून वाळविलेल्या कापडावर ती पसरावी, तिच्यावर कांच ठेवावी, आणि भर दुपारच्या उन्हांत हें सर्व पंधरा मिनिटें राहूं द्यावें. नंतर कापड साध्या पाण्यांत खळबळून धुतलें असतां गडद निळ्या भूमीवर त्या पानाची शीर न् शीर पांढरी उमटलेली दिसते. ह्या कृतीस सायनोटाइप असें म्हणतात.

कृति सोपी आहे. आठवीच्या मुलांनीं ती एका दुपारीं साधली. परंतु सोपी म्हणून तिचें मर्म समजून न घेतल्यामुळें प्रस्तुत लेखकाच्या हातून एक चूक घडली, व जें वस्त्र पुन्हा करतां येण्यासारखें नव्हतें तें कायमचें जाण्याची वेळ आली. तो प्रसंग पुढें सांगणारच आहें. तत्पूर्वीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, ह्या कापडावर जो निळा रंग बसतो तो रंगाऱ्याच्या पिंपांतील रंग नव्हे. तें लोखंड आहे.

ह्या कृतीचा शोध इंग्लंडांतील ज्योतिःशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल ह्यांनीं इ. स. १८४२ मध्यें लावला. युरेनस ग्रह शोधून काढणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे वडील. आपल्या विषयाशीं निकट संबंध असलेली गोष्ट अशी कीं, त्या काळांत जॉन हर्शेल ह्यांचें लक्ष वनस्पतींच्या रसांकडे लागलेलें होतें. निरनिराळ्या फुलांचा रस काढून ते कागदाला लावीत, तो कागद उन्हांत ठेवीत, आणि सूर्यप्रकाशांतील कोणत्या किरणांनीं कोणता रस फिका पडतो हें बारकाईनें पाहत. त्या वर्षीं त्यांनीं रॉयल सोसायटीपुढें जो निबंध ठेवला त्याच्या मथळ्यांतच वनस्पतिज रंगांचा उल्लेख आहे. फुलांच्या रसाचें चित्र उमटावयास दिवसच्या दिवस लागत, व उमटल्यावर तें टिकविण्याचा उपायहि नव्हता. कारण ज्या उन्हानें चित्र काढलें तेंच ऊन तें पुसूनहि टाकी. लोखंडाच्या क्षारांचें तसें नव्हतें. साध्या पाण्यानें धुतलें कीं चित्र कायम होई. ग्रीक भाषेंत गडद निळ्या रंगाचा वाचक जो शब्द आहे त्यावरून त्यांनीं ह्या कृतीचें नांव ठेवलें.

हर्शेल ह्यांनीं कृति शोधिली खरी, पण तिचा उपयोग वनस्पतिशास्त्रासाठीं करून दाखविला तो अ‍ॅना अ‍ॅटकिन्स ह्या बाईंनीं. ह्यांचा जन्म १७९९ सालचा. आई लहानपणींच वारली. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन हे ब्रिटिश म्युझियममध्यें अधिकारी व हर्शेल ह्यांचे स्नेही होते. ज्या काळीं स्त्रियांना विद्वत्सभांचीं दारें बहुधा बंद असत त्या काळीं ह्या मुलीनें वडिलांजवळ शास्त्राचे धडे घेतले, आणि शंखशिंपल्यांवरील त्यांच्या एका भाषांतरित ग्रंथासाठीं अडीचशेंहून अधिक चित्रें स्वतःच्या हातानें काढिलीं. म्हणजे बाई उत्तम चित्रकार होत्या. असें असूनहि समुद्रांतील शेवाळांचा ग्रंथ करावयाचें मनांत आलें तेव्हां त्यांनीं पेन्सिल खालीं ठेवली! कारण सरळ होतें. शेवाळाचे तंतु केसांहून बारीक; त्यांच्या फांद्यांना फांद्या फुटलेल्या; हातानें काढावयाचें म्हटलें तर चित्रकार थोडें पाहतो आणि उरलेलें अंदाजानें भरून काढितो. शास्त्रास अंदाज चालत नाहीं. म्हणून त्यांनीं शेवाळ सुकवून सपाट केलें, रसायन लावलेल्या कागदावर ठेविलें, आणि पुढील काम उन्हावर सोपविलें.

१८४३ च्या ऑक्टोबरांत ह्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. छायाचित्रांनीं सजलेलें जगांतील पहिलें पुस्तक तें हेंच असें मानितात. काम पुरें व्हावयास १८५३ साल उजाडलें. चित्रें सुमारें ४००. आणि प्रत्येक प्रतींतील प्रत्येक पान स्वतंत्रपणें उन्हांत ठेवून, स्वतंत्रपणें धुवून, वाळवून केलेलें. मजकूरहि खिळ्यांनीं छापलेला नसून बाईंच्या हस्ताक्षरांतला, त्याच रीतीनें निळ्यावर पांढरा उमटविलेला. इंग्लंडच्या ढगाळ हवेंत हें काम दहा वर्षें चाललें हें ध्यानांत घेतलें म्हणजे, बाराहि महिने ऊन अंगावर घेणाऱ्या आपल्या देशांत आपण किती थोडें करतों असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. बाईंनीं पुस्तकावर आपलें पूर्ण नांव घातलें नाहीं, केवळ दोन आद्याक्षरें घातलीं. पुढें एका संग्राहकानें त्या दोन अक्षरांचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लाविला! असो. मालवणच्या व रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळीं खडकांना चिकटलेलें नाना प्रकारचें शेवाळ पुष्कळ असतें. सुटींत कोंकणांत जाणाऱ्यांनीं इकडे लक्ष द्यावें.

पुढें १८७० नंतरच्या काळांत ही कृति वनस्पतींकडून यंत्रशाळांकडे गेली. इमारतींचे व यंत्रांचे नकाशे ह्याच रीतीनें निळ्यावर पांढरे छापले जात. ब्लू-प्रिंट हा शब्द तेथूनच आला. आज नकाशे इतर साधनांनीं निघतात, शब्द मात्र मागें राहिला आहे.

आतां मर्माकडे वळूं. लोखंडाचे क्षार दोन प्रकारचे असतात, फेरिक व फेरस, हें तुम्हीं रसायनशास्त्राच्या तासास ऐकलें असेल. आपण वापरतों तें एक द्रव्य फेरिक अमोनियम सायट्रेट; लोहाच्या औषधांतहि हें घालतात. दुसरें पोटॅशियम फेरिसायनाइड, ज्याचे खडे माणकासारखे तांबडे दिसतात. हीं दोन एकत्र पाण्यांत विरघळवून अंधारांत ठेवलीं तर निळें कांहीं होत नाहीं. पिवळसर हिरवें पाणी तेवढें दिसतें. परंतु सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण त्यांवर पडले कीं सायट्रेटच्या संगतीनें फेरिकचें फेरस होतें, आणि फेरसची व फेरिसायनाइडची गांठ पडतांच प्रशियन ब्ल्यू नांवाचा निळा पदार्थ जन्मास येतो. तो पाण्यांत विरघळत नाहीं. कापडाच्या तंतूंत अडकून बसतो. जेथें पानाची सांवली पडली होती तेथें हा फेरफार होत नाहीं. तेथील द्रव्यें विरघळणारींच राहतात, धुतांना निघून जातात, आणि कापडाचा मूळ पांढरेपणा उघडा पडतो. म्हणजे पान कांहींच करीत नाहीं. तें फक्त उन्हास आडवें येतें.

हा प्रशियन ब्ल्यू मनुष्यास प्रथम सांपडला तोहि चुकीनेंच. १७०६ च्या सुमारास बर्लिन येथें डिसबाख नांवाचा रंग करणारा तांबडा रंग करावयास बसला होता. त्याच्या हातीं जो क्षार आला तो जनावरांच्या रक्तानें दूषित झालेला होता, आणि तांबड्याच्या जागीं निळा निघाला.

कापडाच्या निवडीपासून आरंभ करूं. सुती, तागाचें किंवा रेशमी कापड चालतें. पॉलिएस्टरवर रसायन ठरत नाहीं, धुतांना वाहून जातें. आम्हीं मांजरपाट घेतला. स्वस्त असून त्यावर चित्र चांगलें बसतें. मात्र कोऱ्या कापडास खळ असते. ती काढल्यावांचून पुढें जाऊं नये, नाहींतर रंग खळीवर बसतो व खळीबरोबर निघून जातो. कापड गरम पाण्यांत धुवून, मग साध्या पाण्यांतून चारदां काढावें. चारदां असें मुद्दाम म्हणतों. साबणाचा अंश राहिला तर काय होतें हें पुढें कळेल.

पंचवीस ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिलीलिटर पाण्यांत, व दहा ग्रॅम फेरिसायनाइड तितक्याच पाण्यांत, अशीं दोन द्रावणें निरनिराळ्या तपकिरी बाटल्यांत करून ठेवावीं. पहिल्यास कांहीं दिवसांनीं बुरशी येते. ती गाळून काढावी. काम करावयाच्या वेळींच दोन्ही सारख्या मापानें मिसळावीं. एका रुमालास मिश्रणाचे दोन मोठे चमचे पुरतात. हें काम दिवस मावळल्यावर, पिवळ्या दिव्याच्या मंद उजेडांत करावें. कापड रद्दी कागदांवर पसरून रुंद कुंचल्यानें लेप आडवा व मग उभा द्यावा, आणि कापड अंधाऱ्या खोलींत दोरीवर वाळत घालावें. सकाळपर्यंत वाळतें. हातांत रबरी मोजे घालावे व अंगावर जुना सदरा असावा, कारण जो थेंब उडेल तो उन्हांत गेल्यावर निळा होणारच. हीं द्रव्यें सौम्य आहेत. तथापि फेरिसायनाइडचा तीव्र आम्लाशीं संबंध कधींहि येऊं देऊं नये, त्यांतून विषारी वायु सुटतो. स्वयंपाकाचीं भांडीं ह्या कामास घेऊं नयेत, आणि सर्व कृति मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीं व्हावी.

पानें कोणतीं घ्यावीं? मुलें प्रथम मोठीं व देखणीं फुलें आणतात, आणि निराश होतात. जास्वंदीचें फूल ठेवलें तर मध्यें एक पांढरा गोळा उमटतो. फूल जाड पडल्यामुळें कांच कापडास टेंकत नाहीं आणि कडांखालून ऊन शिरतें. पाकळ्या सुट्या करून ठेवल्या तर मात्र त्यांच्या पातळपणामुळें आंतील शिराहि फिक्या निळ्या रेघांनीं दिसतात. जें सपाट, विरळ व बारीक कातरलेलें असेल तें सर्वांत चांगलें. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या कड्यांवर उगवणारा नेचा ह्या कामास जणूं निर्माण झाला आहे. पण तो असतो तेव्हां ऊन नसतें, आणि ऊन पडतें तेव्हां तो वाळूं लागलेला असतो. म्हणून श्रावणांत तोडून जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवावा. चिंचेची डहाळी, शेवग्याचा पाला, गवताचे तुरे, दूर्वा, ह्यांचीं चित्रें सुरेख येतात. आमच्या वर्गांत सर्वांत उत्तम चित्र निघालें तें शेपूच्या जुडींतील एका काडीचें! विद्यार्थिनीनें ती घरच्या भाजींतून उचलून आणली होती. वर्गांतील मुलें आधीं हंसलीं, मग दुसऱ्या दिवशीं निम्मा वर्ग शेपू व कोथिंबीर घेऊन आला. कण्हेर व रुई ह्यांचा चीक विषारी आहे, आणि गाजरगवतानें अंगास खाज सुटते, तीं टाळावीं.

पान एक रात्र पुस्तकाखालीं दाबून मगच वापरावें. ओलें पान ठेवलें तर त्याचा ओलावा लेपांत उतरतो व कडा फांकतात. कित्येक कलावंत हल्लीं मुद्दाम ओलीं पानें ठेवितात, वर हळद भुरभुरतात, लिंबाचा रस शिंपडतात, आणि त्यांतून पिवळ्या-हिरव्या छटा काढितात. दिसावयास तें मनोहर असतें. परंतु हळदीचा रंग उन्हांत टिकत नाहीं, आणि पान ओळखावयाचें असेल तर त्या छटा आड येतात. आधीं कोरडें साधावें असें मला वाटतें.

लेप दिलेलें कापड घरांतच पाटावर पसरावें, पानें मांडावीं, वर कांच ठेवून चारी बाजूंस चिमटे लावावे, आणि मग पाट उचलून उन्हांत न्यावा. पाट हलतां कामा नये. पान केसभर सरकलें तरी दुहेरी रेघ उमटते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचें दुपारचें ऊन ह्या कामास फार चांगलें. दहा ते पंधरा मिनिटें पुरतात. आभाळ असेल तर दुप्पट, तिप्पट वेळ लागतो. घड्याळापेक्षां कापडाकडे पाहावें. लेप आधीं पिवळसर हिरवा असतो, मग निळसर होतो, शेवटीं राखेसारखा करडा दिसूं लागतो. तो करडा झाला म्हणजे आंत आणावें. मुलांस वाटतें कीं निळें झालें म्हणजे झालें, आणि तीं घाईनें उचलतात. मग धुतांना बहुतेक रंग पाण्यांत जातो.

धुणें साध्या थंड पाण्यांत, पाणी बदलून, तें अगदीं स्वच्छ येईपर्यंत. विहिरीचें पाणी क्षारयुक्त असेल तर बादलीभर पाण्यांत चमचाभर शिरका टाकावा. पहिल्यानें निळा रंग फिका वाटतो, पण दोरीवर वाळतां वाळतां हवेनें तो गडद होत जातो आणि दुसऱ्या दिवशीं खरा दिसतो. ह्या चित्रांत शोभेपेक्षां अधिक कांहीं असतें तें असें. चित्रकलेच्या तासास आपण पान काढतों तें आपल्या मनांतलें आदर्श पान असतें. ऊन मात्र समोर ठेवलेलेंच पान काढतें. सुरवंटानें खाल्लेलें छिद्र तेवढें निळें टिंब होऊन उमटतें, मोडलेला देंठ मोडलेलाच दिसतो. रंग, जाडी, वास, पानाची वरची बाजू कोणती व खालची कोणती, हें मात्र चित्र सांगत नाहीं. म्हणून पारदर्शक कागदावर काळ्या शाईनें झाडाचें नांव, ठिकाण व तारीख लिहून ती पट्टीहि पानाशेजारीं ठेवावी. अक्षरें पांढरीं उमटतात.

आतां ती चूक. आमच्या आवारांत एक जुनी बकुळ होती. तिच्या सांवलींत कित्येक पिढ्यांनीं डबे सोडले. एका वर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर आठवीच्या मुलांनीं तिचीं पानें व चांदणीसारखीं लहान फुलें घेऊन मेजावर घालण्याइतकें मोठें वस्त्र छापलें. बकुळीचें पान जाड. त्याच्या आंतील शिरा दिसत नाहींत, पण कडेची लाट अशी स्पष्ट उमटली होती कीं दुरूनहि झाड ओळखूं यावें. पुढच्या ज्येष्ठांत वादळी पावसानें बकुळ मुळासकट उन्मळून पडली. लांकूड वाहून नेलें, खड्डा बुजविला. तें वस्त्र तेवढें राहिलें, आणि अर्थातच तें वार्षिक समारंभाच्या मेजावर घातलें गेलें. समारंभांत कोणाच्या तरी हातून त्यावर चहा सांडला. डाग निघावा म्हणून मीं तें रात्रभर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत भिजत घातलें. वर्गास लोखंडाचे क्षार शिकविणाऱ्यानें हें करावें, ह्यास काय म्हणावें?

सकाळीं पाहतों तों निळा रंग नाहींसा झालेला! कापड गंजट पिवळें पडलें होतें. पानांच्या आकृति पांढऱ्या होत्या खऱ्या, पण त्या पिवळ्यांत जेमतेम दिसत होत्या. नीळ हा जुना रंग क्षारांत मरत नाहीं, उलट निळीचें पीप क्षार घालूनच लावतात. त्या सवयीनें आपण प्रत्येक निळ्यास सोडा सोसेल असें गृहीत धरतों. प्रशियन ब्ल्यूचें उलट आहे. लिंबू-शिरक्यासारखें सौम्य आम्ल त्यास बाधत नाहीं, पण सोडा, चुना, खार, कपड्यांचा तीव्र साबण हे त्याचे वैरी. सोड्यानें त्याचें विघटन होतें. सायनाइडाचा भाग विरघळून पाण्याबरोबर जातो, आणि लोखंड गंजाच्या रूपानें कापडांत मागें राहतें.

मुलें भोंवतीं गोळा झालीं. त्यांनीं मला कांहीं विचारलें नाहीं, आणि तेंच मला जड गेलें. नवीं पानें आणावयास झाड नव्हतें. तेवढ्यांत एका मुलाचें लक्ष गेलें कीं जेथें चहा सांडला होता तेथें कापड पिवळें नसून काळसर जांभळें झालें आहे, आणि त्या डागांत सांपडलेलीं दोन पानें पहिल्यासारखींच स्पष्ट आहेत. डाग काढावयास गेलों होतों. डाग तेवढा उरला होता आणि बाकीचें चित्र गेलें होतें.

कारण शोधणें अवघड नव्हतें. चहांत टॅनिन असतें, आणि टॅनिन व लोखंड एकत्र आलें कीं काळा रंग होतो. आपल्याकडील जुनी शाई हिरडा व हिराकस ह्यांचीच. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. आमच्या कापडांत लोखंड होतेंच. उणीव हिरड्याची. भीमाशंकर-जुन्नरकडील डोंगरांत हिरडा पुष्कळ होतो, आणि बाजारांत काष्ठौषधींच्या दुकानीं सहज मिळतो. आम्हीं ओंजळभर हिरडे कुटून, बिया काढून, पाण्यांत उकळले व काढा गाळून निवूं दिला. कापड आधीं सोड्याचा अंश जाईपर्यंत धुतलें. मग एक कोपरा प्रथम बुडवून पाहिला. दोन मिनिटांत पिवळ्यावर करडी छटा चढली, पांच मिनिटांत ती गडद झाली, आणि पानाची कड पुन्हा वर आली. वर्गांत जी आरोळी उठली ती शेजारच्या वर्गास ऐकूं गेली असावी, कारण तेथील शिक्षक दारांत येऊन उभे राहिले. अर्ध्या तासांत सर्व वस्त्र काळपट तपकिरी झालें. निळें तें पुन्हा झालें नाहीं. पानांचा पांढरेपणाहि गेला, त्यांस हिरड्याची फिकट पिवळी झांक आली, वाळलेल्या बकुळीच्या फुलांस असते तशी.

हें सोडा आणि टॅनिनचें प्रकरण छायाचित्रकार जाणूनबुजूनहि करतात. निळें चित्र तपकिरी करावयाची ती एक रूढ रीतच आहे. फरक एवढाच कीं ते सौम्य सोडा घेऊन कांहीं मिनिटांतच चित्र बाहेर काढितात, आणि त्यांस झोप लागत नाहीं.

निळीं वस्त्रें जपावयाचीं असतील तर रिठ्याच्या पाण्यानें धुवावीं. रिठा क्षारी नसल्यामुळें रंग सुरक्षित राहतो. वाळत घालावीं तीं सांवलींत. खिडकीस पडदा म्हणून लाविलें आणि कडक ऊन रोज पडूं लागलें तर निळें फिकें होत जातें. अशा वेळीं वस्त्र काढून कांहीं दिवस अंधाऱ्या पेटींत ठेवावें. हवेंतील प्राणवायूनें फिकटलेला रंग पुष्कळसा परत येतो. सोड्यानें गेलेला येत नाहीं.

बकुळीच्या वस्त्राचा एक कोपरा, वीतभर, आम्हीं हिरड्यांत मुद्दाम बुडविला नाहीं. तो अद्याप गंजट पिवळा आहे. चहाचा डागहि त्याच्याजवळच आहे. नवीन वर्गास लोखंडाचा धडा शिकविण्याच्या दिवशीं तें वस्त्र पेटींतून निघतें, आणि पहिला प्रश्न बहुधा त्या कोपऱ्याविषयींच येतो.